बटणाशेजारचे ठिपके

मी लग्न होऊन या गावात आले तेव्हा माझ्या मोठ्या जाऊबाईंना थोडं थोडं दिसत होतं. समोरचं माणूस दिसायचं, बाजूचं दिसायचं नाही. सांज झाली की त्या भिंतीला हात लावून चालायच्या. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात सांगितलं होतं की हे असंच कडेकडेनं कमी होत जाईल, औषध नाही. माझी धाकटी मुलगी पावलं टाकायला लागली त्या सुमारास उरलेलंही गेलं. कोणत्या दिवशी गेलं हे घरात कोणालाच सांगता येत नाही. बाईंनाही नाही. एकदा त्या सहज म्हणाल्या, "आता तर दिवा बी नाई दिसत वो," आणि कणीक मळत राहिल्या.

मी त्यांना बाईच म्हणते. मी कुडव्याची, गोंदियाला लागून असलेल्या वस्तीत वाढलेली, त्यामुळे माझी निम्मी बोली हिंदी. मी 'धूप निकली' म्हटलं की बाई हसायच्या आणि म्हणायच्या, ऊन पडलं म्हन. माझं सासर बिरसीच्या विमानतळाजवळ. विमान शिकणारी मुलं दिवसभर छोटी विमानं घेऊन आमच्या धानाच्या बांध्यांवरून, म्हणजे भातखाचरांवरून, गोल गोल फिरत असतात. वर जातात, वळतात, खाली येतात, पुन्हा वर. नव्या माणसाला तो आवाज खुपतो, आम्हाला तो आहे हेच कळत नाही. दुपारी अंगणात खाटेवर बसलेल्या बाई मान वर करून त्या आवाजामागे चेहरा फिरवायच्या. आज कोणता रंग आहे, असं मला विचारायच्या. मी म्हणायचे पांढरा, लाल पट्टा आहे. त्यांच्या स्वप्नात मात्र ती सगळी निळी यायची. स्वप्नात त्यांना अजून सगळं दिसतं. सकाळी उठल्यावर त्या थोडा वेळ गप्प असतात, तेव्हा मी त्यांना हाक मारत नाही.

मतदानाला त्यांना भासरे घेऊन जायचे. भासरे म्हणजे माझ्या नवऱ्याचे मोठे भाऊ, बाईंचा नवरा. ज्याला दिसत नाही त्याला सोबत एक माणूस नेता येतो, आणि त्या माणसानं त्याच्या वतीनं बटण दाबायचं असतं. भासरे वाईट माणूस नव्हेत. बाईंच्या आंघोळीचं पाणी ते स्वतः काढून ठेवतात, चपला रोज त्याच जागी, त्याच दिशेला तोंड करून ठेवतात. त्यामुळे मतदानालाही तेच नेणार यात कोणाला काही वाटायचं कारण नव्हतं. बाई परत आल्या की त्या दिवशी फारसं बोलत नसत, एवढंच.

एका ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला आम्ही सगळे मिळून शाळेत गेलो. धान कापून झालं होतं, रस्ताभर तणसाचा वास होता. टेबलामागच्या साहेबांनी विचारलं, सोबत कोण येणार? भासरे पुढं झाले. बाई म्हणाल्या, "हे नाई. माझी जाऊ येईन."

भासऱ्यांनी खांद्यावरचा गमछा काढला, तोंड पुसलं आणि ते भिंतीपाशी जाऊन उभे राहिले. साहेबांनी माझ्याकडून सही घेतली की या बाईंचं मत मी कोणाला सांगणार नाही. माझ्या डाव्या बोटाला माझ्या मताची शाई लागलेलीच होती, आता उजव्या बोटालाही लावली. पुठ्ठ्याच्या आडोशामागे बाई माझ्या कानाशी वाकल्या आणि त्यांनी चिन्हं सांगितली, सरपंचाचं एक आणि आमच्या वॉर्डाची दोन. मी त्यांचंच बोट धरून एकेका बटणावर टेकवलं. बोट गार होतं आणि त्याला कांद्याचा वास येत होता. शेवटचं बटण दाबल्यावर यंत्रानं लांब शिट्टी दिली, तशी बाईंनी सुस्कारा सोडला. फार वेळ पाण्याखाली राहून माणूस वर येतं, तसा तो होता.

आमच्यात भासरे धाकट्या भावाच्या बायकोशी तसंही थेट बोलत नाहीत. मुलांमार्फत पाणी मागतात, मुलांमार्फतच निरोप देतात. त्यानंतर बरेच दिवस तेही बंद झालं. एकदा ते माझ्या नवऱ्याला म्हणाले, मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात, की घरातली गोष्ट मोठ्याला माहीत नाही आणि धाकटीला माहीत आहे, हे काही बरं नाही. मी बाईंना विचारलं, असं काऊन केलं तुम्ही? त्या पोहे निवडत होत्या. म्हणाल्या, "त्यायच्या हातानं मत देलं का ते त्यायचंच होते."

मग जिल्हा परिषदेची निवडणूक आली. तेव्हा आमच्याकडे आलेलं यंत्र जुनं होतं. पांढरं प्लास्टिक पिवळट पडलेलं, पेटीची एक कडी तुटलेली, ती दोरीनं बांधलेली. सकाळी थोडं मतदान झालं आणि एक बटण आत गेलं ते वर येईना. साहेबांनी हलवून पाहिलं, झाकण ठोकून पाहिलं. शेवटी मतदान थांबवलं. तालुक्याहून दुसरं यंत्र येणार होतं. बायका म्हणाल्या, मळणी तशीच पडली आहे, आणि निघून गेल्या. आम्ही दोघी शाळेमागच्या मोहाच्या झाडाखाली बसून राहिलो.

थंडीतलं ऊन होतं. बसल्याबसल्या डोळे मिटत होते. लोकांचं बोलणं पलीकडच्या काठावरून यावं तसं येत होतं. बाई त्यांच्या माहेरचं सांगायला लागल्या. त्यांचं माहेर बोदलकसाच्या तलावाकडं, तिरोड्याच्या बाजूला. लग्नाआधी त्यांनी तिथं एकदा मत दिलं होतं, कागदावर, ठप्पा मारून. त्यांना तो ठप्पा आठवत होता. शाई जास्त झाली होती आणि कागदाची घडी घातल्यावर निळा डाग पाठीमागं उमटला होता. पेटीत टाकताना त्यांना भीती वाटली की माझं मत सगळ्यांना दिसेल. तेव्हा भीती वाटली होती, बाई म्हणाल्या, आता तो निळा डाग पुन्हा एकदा पाहायला मिळावा असं वाटते. नंतर त्या झोपल्या, डोकं माझ्या खांद्यावर टाकून. मीही झोपले असणार, कारण जाग आली तेव्हा उन्हाची तिरीप शाळेच्या भिंतीवरून निघून गेली होती आणि दुसरं यंत्र घेऊन आलेली जीप आवारात उभी होती. रांगेत फार माणसं उरली नव्हती. मी पुन्हा बाईंचं बोट धरलं.

पुढं कधीतरी माझ्या नवऱ्यानं मोबाईलवर बातमी वाचून दाखवली की गावाच्या, तालुक्याच्या निवडणुकांची जुनी यंत्रं काढून नवीन घ्यायला सरकारनं पैसा मंजूर केला. त्यानंतरच्या ग्रामसभेत तालुक्याचे एक साहेब तीच गोष्ट समजावून सांगायला आले. बारीक माणूस, गळ्याला मफलर, सर्दीनं आवाज बसलेला. त्यांचं बोलून झाल्यावर भासरे उभे राहिले. आमच्या गावचा तलाव भासऱ्यांच्या आज्याच्याही आधीच्या माणसांनी खोदलेला आहे आणि त्याच्या पाण्याची काळजी आमच्या घरात अजून जेवतानाही निघते. पाणी सोडायची मोरी फुटून किती वर्षं झाली, असं भासऱ्यांनी विचारलं. धान निसवून लोंब्या यायच्या वेळी पाणी वाहून जाते, दरवर्षी अर्ज देतो, दरवर्षी पैसा नाही म्हणतेत. मग मत द्यायच्या डब्यांसाठी कुठून आला? माणसांनी माना हलवल्या. भासरे खरंच बोलत होते, मलाही तसंच वाटलं.

तेवढ्यात बाई माझ्या खांद्यावर भार देऊन उठल्या. ग्रामसभेत त्या त्याआधी कधी बोलल्या नव्हत्या.

"आमच्या घरचे बोलले ते खरं हाये," त्या म्हणाल्या. "तलाव पायजेच. पन साहेब, मले एक सांगा. नव्या मशिनी येऊन राह्यल्या, त्या बोटानं वाचता येतीन का? तसं असन तर मले कोनाले संगं न्या लागनार नाई."

मागून कोणीतरी हसत विचारलं की तुम्हाला बोटानं वाचता येते का?

"शिकीन," बाई म्हणाल्या आणि बसल्या.

साहेबांनी खोटं काही सांगितलं नाही. मला नक्की माहीत नाही, विचारून सांगतो, एवढंच म्हणाले. साहेब विचारून सांगतील असं आमच्यापैकी कोणालाही वाटलं नव्हतं.

पण ते आले. नवीन यंत्र कसं चालवायचं ते दाखवायला गाडी गावोगाव फिरत होती, आमच्या शाळेच्या व्हरांड्यात टेबल मांडलं होतं, आणि त्या दिवशीही ते मफलर गुंडाळूनच होते. त्यांनी सरपंचांना आधी हेच विचारलं की त्या बाई कुठं आहेत. मी बाईंना घेऊन गेले. साहेबांनी त्यांचा हात धरून बटणांच्या बाजूनं फिरवला. प्रत्येक बटणाशेजारी बारीक ठिपके उठलेले होते. बाईंचं बोट पहिल्यापाशी थांबलं आणि तिथंच राहिलं.

"मुंगीच्या अंड्यावानी लागते," त्या हळूच म्हणाल्या.

ते आकडे होते. साहेबांनी खडूनं व्हरांड्याच्या फरशीवर मोठे मोठे काढून दाखवले. एक म्हणजे एकच ठिपका. दोन म्हणजे एकाखाली एक. तीन म्हणजे दोन शेजारी शेजारी. मी मोबाईलमध्ये फोटो काढून घेतला. बाईंना मात्र त्या दिवशी एकापुढं काही ओळखू आलं नाही. भांडी, राख, धानाचा कोंडा, इतक्या वर्षांच्या कामानं त्यांची बोटं राठ झाली होती.

मग आमच्या दुपारी त्यातच जाऊ लागल्या. मी साडीच्या खोक्याचा पुठ्ठा कापला आणि त्यावर डिंकानं तुरीची डाळ चिकटवून आकडे केले. बाईंनी पहिल्याच दिवशी ओळखलं की ही तर रांगोळी आहे. दिसत होतं तेव्हा त्या दारापुढं ठिपक्यांची मोठमोठी रांगोळी काढायच्या. त्यामुळे कोणता ठिपका कुठं, हे त्यांच्या डोक्यात भराभर बसलं. डाळ चांगली कळू लागल्यावर मी मोहरी चिकटवली, तिथं मात्र बोट अडायचं. त्या रोज आंघोळीनंतर उजव्या बोटाला जवसाचं तेल चोळायच्या. त्या हातानं मिरची तोडणं आणि भांडी घासणं त्यांनी सोडलं, ते माझ्याकडं आलं. जेवणं झाली की अंगणात खाट ओढायची, पुठ्ठा मांडीवर घ्यायचा. वरून विमानाची घरघर, पलीकडं बोरीच्या झाडावर पाखरं, आणि बाईंचं बोट त्या मोहरीवरून सावकाश सरकत असायचं. ओठ हलत असायचे. मी पाहता पाहता पेंगायचे. मध्येच त्या म्हणायच्या, सात. मी डोळे उघडून पाहायचे. कधी सात असायचं, कधी आठ.

एके दिवशी कोंबडीनं पुठ्ठा टोचला. चाराची एक मोहरी गेली आणि त्याचे तीन झाले. बाई फार वेळ त्यावरून बोट फिरवत बसल्या, मग म्हणाल्या की काल इथं चार होते, आज कोणी खाल्ला? मी इतकी हसले की भासरे गोठ्यातून बाहेर आले. ते उभे राहून पुठ्ठ्याकडं पाहत राहिले.

दोन-चार दिवसांनी दुपारी गोठ्याच्या बाजूनं ठोकाठोकी ऐकू आली. संध्याकाळच्या चहाच्या वेळी भासऱ्यांनी बाईंच्या मांडीवर एक पत्रा ठेवला. तेलाच्या पिप्याचा पत्रा कापून, कडा घासून त्यांनी त्यावर खिळ्यानं ठिपके ठोकले होते. मी काढलेला आकड्यांचा फोटो त्यांनी माझ्या मुलीकडून मागून घेतला होता. बाईंनी पत्रा चाचपला. पहिले तीन आकडे बरोबर आले. पुढं त्यांचं बोट थबकलं. चाराच्या जागी सहा लागत होते आणि पाचाच्या जागी नऊ. आधी मलाही कळेना. मग लक्षात आलं की त्यांनी आकडे समोरून पाहून ठोकले होते, आणि ठिपके उठले होते पाठीमागं, त्यामुळे सगळे उलटे झाले होते.

"हे उलटं हाये," बाई म्हणाल्या.

भासऱ्यांनी पत्रा परत घेतला. मला वाटलं, आता फेकतात. त्यांनी चहा संपवला, मुलीला आरसा आणायला सांगितलं आणि मोबाईल आरशासमोर धरून पाहिलं. दुसऱ्या दिवशी नवा पत्रा आला, एकेक आकडा बरोबर. त्या उन्हाळ्यात तलावाच्या मोरीला सरकारी पैसा आलाच नाही. भासऱ्यांनी आणि गावातल्या माणसांनी स्वतःच दगड-सिमेंट लावून ती बांधली. थोडं पाणी अजूनही झिरपतं. दिवसभर तिकडं राबून आले तरी ते संध्याकाळी बाईंशेजारी बसायचे, आणि बाई पत्रा वाचत असल्या तर त्यांचं होईस्तोवर जेवायला उठायचे नाहीत.

पुढची ग्रामपंचायतीची निवडणूक आली तेव्हा सकाळी दाट धुकं होतं. शाळेत पोचेपर्यंत रस्त्यावरची माणसं आधी ऐकू यायची, मग दिसायची. धुक्यात चालताना बाई नेहमीच माझ्यापेक्षा सरळ चालतात. कोणत्या उमेदवाराचं बटण कितवं हे त्यांनी आधीच विचारून पाठ केलं होतं, गावातल्या दोन-तीन वेगवेगळ्या लोकांकडून, कोणाला अंदाज येऊ नये म्हणून. टेबलामागच्या मॅडमनी विचारलं, सोबत कोण?

"कोनी नाई," बाई म्हणाल्या.

त्यांच्या बोटाला शाई लावून झाली. तिथल्या कर्मचारी मॅडमनी त्यांना आडोशापर्यंत नेलं आणि त्या मागं सरल्या. मी दाराशी उभी होते. माझी उजवी तर्जनी कोरी होती आणि ती मी उगाच मुठीत धरली होती. वर्गाच्या भिंतीवर बाराखडी रंगवलेली होती, एकेका अक्षराशेजारी फळ, पक्षी, भांडं. ती मी सगळी वाचून काढली. पुठ्ठ्याच्या खाली फक्त बाईंची पावलं दिसत होती. ती एकदा थोडी मागं सरकली, पुन्हा पुढं आली. मला वाटलं, आत जावं. जाता येत नव्हतं. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. धुकं खिडकीतून आत येत होतं आणि सगळे जण जणू झोपेत उभे होते.

मग शिट्टी वाजली, लांब.

बाई बाहेर आल्या, पण दिशा चुकून खिडकीकडं निघाल्या. रांगेतून भासरे म्हणाले, "इकडं." त्या आवाजाकडं वळल्या.

परत येताना आम्ही दोघीच होतो. माझ्या हाताला काम उरलं नव्हतं, तरी मी त्यांचा हात धरला होता. वाचता आलं का, मी विचारलं. तिसऱ्या बटणापाशी भ्यायला झालं, त्या म्हणाल्या, मग पुन्हा वरून मोजत आले. त्यापुढं मी काही विचारलं नाही. इतकी वर्षं त्यांचं मत मला माहीत असायचं, आणि सही केल्याप्रमाणे मी ते कोणाला सांगितलं नव्हतं. आता सांगायला माझ्याकडं काहीच नव्हतं. त्यांचा धरलेला हात मी जरा जास्तच घट्ट दाबला असेन.

"तुले वाईट वाटून राह्यलं का?" बाईंनी विचारलं.

थोडंसं, मी म्हटलं.

"मले बी वाटलं," त्या म्हणाल्या. "आत तुहा हात नव्हता न."

निकालाच्या दिवशी संध्याकाळी बँड वाजवत मिरवणूक आमच्या गल्लीतून गेली. गुलाल दारापर्यंत उडत होता. बाई उंबऱ्याशी येऊन उभ्या राहिल्या, पदर डोक्यावर घेऊन, चेहरा बँडच्या आवाजाकडं. त्या हसत नव्हत्या आणि नाराजही दिसत नव्हत्या. भासरे अंगणात उभे होते. ते मिरवणुकीकडं पाहतच नव्हते, बायकोच्या तोंडाकडं पाहत होते. मिरवणूक वळणावरून पुढं गेली तेव्हा ते माझ्याजवळ आले. लग्न होऊन आल्यापासून ते मला कधी थेट काही बोलले नव्हते.

"खूश हाये का वो ते?" त्यांनी बाईंकडं मान करून हळूच विचारलं.

मी म्हटलं, आता मलाही नाही माहीत.

भासरे माझ्याकडं पाहून हसले. मग जाऊन त्यांनी बाईंच्या पदरावरचा गुलाल झटकला आणि चहाचं काय, असं विचारलं.